डाएट सुरू करण्याआधी लहानपण एकदा वहीत लिहून बघा

सांगलीत आमराईत सकाळी चालायला गेलं की बायकांचा विषय एकच, वजन. कुणी कीटो करतंय, कुणी सोळा तास उपाशी राहतंय, कुणी भात बंद केलाय, आणि चार महिन्यांनी बघावं तर वजन होतं तिथंच, वर दोन किलो जास्त. मी पण पंधरा वर्षं हेच केलं. शेवटी ज्यानं फरक पडला ते सांगते.

आधी माझं थोडं. वडील पिऊन यायचे. गेट वाजायच्या आत आमची जेवणं उरकायची असायची, आई वाढताना पण दाराकडं बघायची, पाच मिनिटांत ताट रिकामं. आणि आत आवाज चढले की मी स्वयंपाकघरात भडंगाच्या डब्यापाशी. स्टीलचा डबा, झाकण ठण्णकन वाजायचं, म्हणून त्यावर फ्रॉकचा घेर धरून हळूहळू उघडायचे आणि मूठभर भडंग तोंडात तसंच धरून मऊ होऊ द्यायचे, चावलं तर कुरकुर ऐकू जाईल ना. आज मी बेचाळीस वर्षांची आहे, ऑफिसात कुणी आवाज चढवला की घरी आल्यावर पहिला हात डब्याकडंच जायचा आणि मला वाटायचं माझ्यात कंट्रोलच नाही.

हे नुसतं माझ्या मनाचं नाही हं. १९८५ च्या सुमाराला अमेरिकेत सॅन दिएगोला डॉ. व्हिन्सेंट फेलिटी वजन कमी करायचं क्लिनिक चालवायचे, तिथं ज्यांचं वजन छान उतरत होतं तेच लोक मधेच सोडून जायचे. त्यांच्याशी बोलल्यावर कळलं की कितीतरी जणांवर लहानपणी अत्याचार झालेले, खाणं हा त्या त्रासावर त्यांनी काढलेला तोडगा होता. मग त्यांनी आणि डॉ. रॉबर्ट अँडांनी १७,००० हून जास्त लोकांचा अभ्यास केला, त्याचे पहिले निष्कर्ष १९९८ ला आले. मारहाण, घरातलं व्यसन, आईला होणारी मारझोड असे चार किंवा जास्त प्रकारचे अनुभव असलेल्यांमध्ये तीव्र लठ्ठपणाची शक्यता दीडपटीच्या आसपास निघाली. म्हणजे प्रत्येकाचं वजन वाढतंच असं नाही, धोका वाढतो. कारण सतत भीतीत राहिलं की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढलेलं राहू शकतं, त्यानं गोड-तेलकट खावंसं वाटतं, चरबी पोटावर साठते, त्यात झोप मोडली की भूक अजून चाळवते.

आता काय करायचं ते. एक साधी वही घ्या, दोन आठवडे रोज चारच गोष्टी लिहा: किती वाजता खाल्लं, काय खाल्लं, खरंच भूक होती का आणि त्याच्या आधी अर्धा तास काय झालं. कॅलरी अजिबात लिहायच्या नाहीत, त्यानं परत अपराधी वाटतं आणि वही बंद पडते. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या वहीत दहाव्या दिवशी दिसलं की भूक नसताना खाल्लेलं जवळजवळ सगळं कुणाच्या तरी वरच्या आवाजानंतरचं होतं, मी बराच वेळ ते पान बघत बसले. तुमचं वेगळं असेल, एकटं घर असेल, "जाडे" म्हणून चिडवणं असेल, दुष्काळात काढलेले दिवस असतील.

लिहिताना फार जड काही वर आलं, विशेषतः लैंगिक अत्याचाराचं, तर एकट्यानं उकरू नका, वही मिटा आणि समुपदेशकाशी बोला. टेलिमानस १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलता येतं.

मग खाणं काढून घ्यायच्या आधी त्याच्या जागी दुसरं काहीतरी आणायचं, हा क्रम चुकवू नका, माझी सगळी डाएटं इथंच फसली. मी घरी आल्या आल्या चप्पल न काढता कृष्णेच्या घाटावर वीस मिनिटं जाऊन येते, किंवा बहिणीला फोन करते आणि आज काय झालं ते मोठ्यानं सांगते. भडंग बंद नाही केलं. वाटीत घ्यायचं, टेबलावर बसून, कुरकुर आवाज करत चावून खायचं. पहिल्यांदा तसं खाल्लं तेव्हा रडू आलं मला. जेवायला पण वीस मिनिटं द्यायची, सुरुवातीला मोबाईलवर टायमर लावा, पाच मिनिटांत उरकायची सवय लवकर जात नाही. आणि ज्यांनी लहानपणी उपासमार बघितलीय त्यांनी कडक उपासाच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे, शरीर घाबरतं आणि रात्री दुप्पट खाल्लं जातं.

डॉक्टरांना दाखवाच, थायरॉईड, शुगर, चालू गोळ्या बघून घ्या, सगळंच मनावर ढकलू नका. आपल्याकडं बायकांची कंबर ८० आणि पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या वर गेली की धोका धरतात, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २५ ला लठ्ठपणा धरतात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलंय की आपली बाळं जन्मताना वजनाला कमी दिसली तरी अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं, म्हणजे यातलं थोडं आईच्या पोटातच ठरतं.

घरात लेकरं असतील तर जेवताना भांडण काढायचं नाही, मार्कांचा विषय पण नाही. ढब्बू, गोलू अशी नावं लाडानं पण नकोत. रडतंय म्हणून चॉकलेट देण्याआधी का रडतंय ते विचारा. आणि "ताट पुसून टाक" बंद करा, आमची लेक दोन घास उरवून "पोट भरलं" म्हणाली की मी ताट उचलते, ते घास झाकून ठेवते, भूक लागली की ती मागते.