स्टाफ आजारी पडला की पगार कापायच्या आधी हे बघा

आपल्या महाराष्ट्रातल्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात सिक लीव्ह असं वेगळं खातंच नाहीये, त्यामुळे बरेच मालक समजतात की आजारपणाची रजा द्यायची गरजच नाही, आणि तिथेच घोळ होतो. कायदा लागू असेल तर वर्षाला ८ कॅज्युअल लीव्ह (सीएल, म्हणजे किरकोळ रजा) भरपगारी द्याव्याच लागतात, दर तिमाहीला खात्यात जमा होतात आणि वर्ष संपलं की लॅप्स. ताप आला तर माणूस यातलीच घेणार ना! वर्षात २४० दिवस भरले असतील तर दर २० दिवसांमागे १ अर्न्ड लीव्ह (काम करून कमावलेली भरपगारी रजा), ती ४५ पर्यंत साठते. ८ सणावाराच्या सुट्ट्या वेगळ्या, त्या यात घुसडू नका.

ईएसआय असेल (कामगारांचा सरकारी विमा, महिन्याचा पगार २१,००० पर्यंत) तर आजारपणात सरासरी पगाराच्या ७० टक्के तिकडून मिळतात, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, पण आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन हवं आणि ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. मेख अशी की पहिल्या दोन दिवसांचे पैसे सहसा मिळत नाहीत. आमच्याकडे डेंग्यूवाल्या पोराच्या मस्टरवर (हजेरीच्या वहीत) मी लाल पेनाने सरळ 'गै', म्हणजे गैरहजर, मारून मोकळा झालो होतो, नंतर कळलं ते दोन दिवस सीएलमध्ये टाकता आले असते. खाडाखोड करून पुढच्या पगारात दिले. आता मस्टरशेजारीच प्रत्येकाचा सीएल बॅलन्स लिहून ठेवतो, साधी वही आहे, एक्सेल वगैरे काही नाही.