पहिल्या बोल्ट रायफलसाठी स्वस्त काडतुसं घ्यायची तर

परवाना हातात आहे आणि रायफल घरी आली आहे असं धरून चालतो. आपल्याकडे पिकाच्या राखणीसाठी रायफल म्हटली की बहुतेक वेळा ईशापूरच्या कारखान्याची .३१५ च निघते, म्हणून तिचंच सांगतो. ती बोल्टची आहे, म्हणजे हातानं खटका मागंपुढं करून काडतूस आत-बाहेर करायचं. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर किंवा रोही (नीलगाय) मारायचा परवाना नव्हे, ती वनखात्याची परवानगी वेगळी राहते. ती नसताना कोणी "मार रे, कोण पाहते" म्हणत असेल तर त्याच्यासोबत जागलीला जाऊच नका.

बोअर, म्हणजे नळीचं माप, बघा. नळीवरचा, परवान्यावरचा आणि खोक्यावरचा आकडा एकच पायजे. .३१५ म्हणजे आठ एमएम हे खरं, पण आठ एमएम माउझर हे वेगळं काडतूस आहे, आपल्या काडतुसाच्या बुडाला बाहेर निघालेली किनार राहते, त्याच्या नाही राहत. आणि ".३०३ पण असाच बोल्ट आहे, ते चालते" म्हणणारा एक तरी शहाणा भेटतेच. नाही चालत, आणि तो बोअर सामान्य माणसाला बंद आहे.

गोळी कोणती? शेतासाठी सॉफ्ट नोज, म्हणजे टोकाला शिसं उघडं दिसते ती. पूर्ण तांब्याच्या आवरणाची गोळी आरपार निघून जाते आणि आपल्या सपाट रानात पुढं कोणाच्या पऱ्हाटीत कोण बसलंय ते दिसत नाही. कागदावर सरावाला कोणतीही चालते, फक्त जी शेतात वापरणार तिच्यानंच निशाणा जुळवा.

आता खरी भानगड, जिथं मी स्वतः पैसे घालवले. स्वस्त काडतूस म्हणजे बहुतेक वेळा जुनं काडतूस. दुकानदार म्हणते, "भाऊ, हा जुना स्टॉक आहे, कमीत लावून देतो," आणि आपण खूश. मी पहिल्या वर्षी असेच दोन डबे उचलले, कुठल्या दुकानातून ते सोडा. रेंजवर पहिल्या दहातले चार फुसके निघाले, घोडा दाबला की नुसतं टक. इथवर ठीक होतं, पण पाचव्यांदा टक झालं तेव्हा मी सवयीनं रायफल खाली घेतली, बोल्टवर हात नेला आणि तेवढ्यात ते काडतूस उडालं. गोळी माझ्या बुटापासून हातभर अंतरावर मातीत घुसली. रेंजवरचे उस्ताद काहीच बोलले नाहीत, त्यांनी फक्त माझ्या हातातून रायफल काढून घेतली, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. त्याला हँगफायर म्हणतात, म्हणजे टोपी (काडतुसाच्या बुडातली, घोड्याच्या मारानं पेटणारी) पेटते पण बारूद उशिरा धरते. म्हणून टक झालं की नळी समोर मातीच्या बांधाकडेच ठेवायची, कमीत कमी तीस सेकंद मोजायचे, मगच बोल्ट उघडायचा, आणि तोंड बोल्टच्या मागं आणायचं नाही. "एकदा अजून घोडा मारून पाहा" हा सल्ला देणारे लय भेटतात, त्यांना स्वतःच्या रायफलीवर करू द्या.

वर हिशोबही पाहा. परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घ्यायची ते लिहिलेलं राहते, त्यामुळे फुसकं निघालं की पैसे तर गेलेच, कोट्यातलं एकही गेलं. दहात चार फुसके असतील तर तो स्वस्त डबा नव्या डब्यापेक्षा महाग पडू शकतो, गणित तुम्हीच करा.

म्हणून काउंटरवर डबा उघडून एकेक काडतूस हातात घ्या, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या. बुडावर कारखान्याची खूण आणि साल पाहा. मधली टोपी बुडाच्या सपाटीत किंवा किंचित आत पायजे, वर आलेली किंवा दबलेली नको. गोळी बोटानं फिरवून पाहा, फिरली तर परत द्या. पितळ नुसतं काळपट असेल तर घाबरू नका, पण हिरवा बुरा किंवा मानेशी चीर दिसली की तो डबाच नको. आणि दुकानदाराला विचारा की माल कुठं ठेवला होता. टिनाच्या छताखालच्या माळ्यावर आपल्याकडचे चार उन्हाळे काढलेला माल असेल, मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जाते तिथं बारुदीचं काय होत असेल!

पहिल्यांदा दहाच घ्या. रेंजवर चालवा, सगळे नीट उडाले आणि एका जागी लागले तरच जाऊन त्याच बॅचचे बाकीचे उचला. बॅच बदलली की मार सरकतो, मग पुन्हा निशाणा जुळवण्यात पाच-सात काडतुसं जातात, स्वस्ताई तिथंच संपली.

कोणाच्या परवान्यावरची "उरलेली" काडतुसं घेऊ नका आणि घरी भरलेली तर हातातही धरू नका, कायद्याची रीत न पाळता दोन्ही गुन्हे आहेत.

जुन्या मालाच्या टोपीत क्लोरेटचा मसाला राहू शकते, तो उडाल्यावर नळीत मीठ धरते आणि पावसाळ्यात दोन दिवसांत गंज. नुसत्या तेलानं ते मीठ निघत नाही. आधी कडक गरम पाणी, मग कोरडं करून तेल.

ठेवायचं कुठं? कुलपाच्या कपाटात, घरातल्या थंड खोलीत, रायफलीपासून वेगळं. चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवू नका, पितळ हिरवं पडते. काडतुसाला तेल चोळू नका, ते टोपीत झिरपते. आणि गोठ्याजवळ तर अजिबात नको. इंग्रजांच्या काळात तबेल्यात ठेवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची, कारण कोणालाच कळेना, १९२१ मध्ये उलगडा झाला की घोड्यांच्या मुतातला अमोनिया पितळाला चिरतो. आमच्या शेजारच्या काकाजींनी त्यांची पेटी बैलांच्या गव्हाणीवरच्या फळीवर ठेवली होती, दोन पावसाळे. काढली तेव्हा निम्म्या काडतुसांना मानेशी उभ्या चिरा होत्या. मी त्यांना अमोनियाचं समजावून सांगितलं, पण ते अजूनही दुकानदारालाच शिव्या देतात.