जियाओझी पाण्यात फुटू नयेत म्हणून

उत्तर चीनमध्ये चांद्र नववर्षाच्या आदल्या रात्री सगळं घर मिळून जियाओझी (मैद्याच्या पारीत सारण भरून केलेले डंपलिंग) वळतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास ते उकळून खातं. २०२७ साली ही रात्र ५ फेब्रुवारीला येते. आकार जुन्या चांदीच्या लगडीसारखा, म्हणून धनलाभाचा शकुन. दक्षिणेत या सणाला तांदळाच्या पिठाचा न्येनगाओ जास्त मानाचा, त्यामुळे ‘सगळा चीन त्या रात्री जियाओझी खातो’ हे काही खरं नाही.

साधारण ६० नगांसाठी ५०० ग्रॅम मैदा आणि २५० मिली गार पाणी. कोमट किंवा गरम पाण्याचा सल्ला कुणी दिला तर तो तव्यावरच्या किंवा वाफवलेल्या प्रकारासाठी आहे. पाण्यात उकळायच्या पारीला गार पाण्याचाच चिवटपणा लागतो. पीठ घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा.

आता सारण. जियाओझी फुटले की दोष पारीला दिला जातो, पण बहुतेक वेळा ती आतल्या पाण्याने भिजून फाटलेली असते. ६०० ग्रॅम चायनीज कोबी बारीक चिरा, एक चमचा मीठ लावून १५ मिनिटं ठेवा आणि फडक्यात बांधून पिळा. हाताने दाबून भागत नाही. पिळलेला कोबी ४०० ग्रॅमपेक्षा जड भरला तर पुन्हा पिळा. मग त्याला दोन चमचे तिळाचं तेल चोळा. तेलाचा थर बसला की नंतरच्या मिठाने पाणी सुटायला वेळ लागतो.

एवढं पाणी काढायचं आणि मांसात मात्र घालायचं! ४०० ग्रॅम पोर्कचा खिमा घ्या, चरबी साधारण ३० टक्के हवी. निव्वळ लाल मांसाची आत कोरडी गोळी होते. एक चमचा हुआज्याओ (आपल्या तिरफळाच्याच कुळातला) १०० मिली गरम पाण्यात भिजवा, पूर्ण गार झाल्यावर गाळा. खिम्यात आधी दोन मोठे चमचे सोया सॉस आणि चिमूटभर मीठ, मग या पाण्यातलं ८० मिली, पण चार-पाच खेपांत. प्रत्येक खेपेला एकाच दिशेने ढवळा आणि आधीचं पाणी पूर्ण जिरल्याशिवाय पुढचं ओतू नका. मिठाने मांसातली प्रथिनं चिकट होतात आणि पाणी धरून ठेवतात. एकदम ओतलं तर ते भांड्याच्या तळाशी साचतं. खिमा चमच्याला चिकटून ओढला जाऊ लागला की झालं. मग किसलेलं आलं आणि कांद्याची पात. कोबी मात्र पारी लाटून तयार झाल्यावरच मिसळा. सारण पातळ झालं म्हणून कॉर्नफ्लोअर घालायला सांगतात, ते करू नका; आत खळ तयार होते.

पारी मोदकासारखीच, मध्ये जाड आणि कडेला पातळ: १२ ग्रॅमची गोळी, ८ सेंटिमीटर व्यास. पुरीसारखी सपाट लाटली तर मिटलेल्या कडा दुप्पट जाड होऊन कच्च्या राहतात. १५ ग्रॅम सारण भरा, हवा काढून कडा दाबा. कडेला तेल लागलं तर ती चिकटत नाही.

एका नगात नाणं लपवायची चाल आहे. ज्याला मिळेल तो वर्षभर भाग्यवान. घरात लहान मुलं असतील तर नाण्याऐवजी बी काढलेला खजूर घाला.

तीन लिटर उकळत्या पाण्यात एका वेळी २० सोडा आणि झाऱ्याच्या पाठीने लगेच तळाशी ढकला. उकळी आली की कपभर गार पाणी, असं तीनदा. सतत खळखळ उकळलं तर सारण शिजायच्या आत पारी फाटते. तिसऱ्या उकळीनंतर फुगून तरंगले की काढा. सोबत काळं व्हिनेगर.

चांद्र नववर्षाच्या पहिल्या दिवशी अनेक घरी सुरी हातात घेत नाहीत, म्हणून जास्तीचे आदल्या रात्रीच वळून ठेवतात. ते मैदा भुरभुरलेल्या ताटात सुटे मांडून फ्रीझरमध्ये कडक करा आणि मगच पिशवीत भरा. उकळताना बर्फ सुटू देऊ नका, तसेच पाण्यात टाका.