अतिदक्षता विभागातील अपघातग्रस्त रुग्णाचे पोषण : पहिल्या आठवड्यात काय पाहावे

मोठ्या दुखापतीनंतर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून ऊर्जा मिळवू लागते. हाडे मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतून नायट्रोजन (स्नायूंतील प्रथिने मोडल्याची खूण) मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो, हे डेव्हिड कथबर्टसन यांनी ग्लासगो येथे १९३० च्या दशकात दाखवून दिले. आहाराने ही झीज पूर्ण थांबत नाही, पण तिला आळा घालता येतो, आणि व्हेंटिलेटर सुटणे व जखमा भरून येणे या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी उरलेल्या स्नायूंवर अवलंबून असतात. म्हणून फीडची, म्हणजे नळीतून द्यायच्या द्रव आहाराची, ऑर्डर केवळ कॅलरी पाहून लिहू नये. प्रथिनांचा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा.

रक्तस्राव आटोक्यात आला, शॉक (रक्ताभिसरण कोलमडण्याची अवस्था) ओसरला आणि रक्तदाब टिकवणाऱ्या औषधांचा डोस वाढवावा लागत नसला, की ४८ तासांच्या आत नळीने फीड सुरू करावे. त्यासाठी आतड्यांचे आवाज ऐकू येण्याची वाट पाहण्याची गरज नाही. कवटीच्या तळाला फ्रॅक्चर असल्याची शंका असेल, तर नळी नाकातून न घालता तोंडातून घालावी, आणि एक्स-रेने तिची जागा पक्की झाल्याशिवाय तिच्यातून काहीही देऊ नये. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवावी. मणक्याच्या दुखापतीमुळे रुग्णाला कमरेत वाकवता येत नसेल, तर संपूर्ण पलंगच तिरका करावा.

सुरुवात ताशी १० ते २० मिलिने करून वेग हळूहळू वाढवावा. पहिले दोन-तीन दिवस गरजेच्या ७० टक्क्यांपर्यंतच ऊर्जा पुरे असते, कारण या काळात शरीर स्वतःही साठ्यातून ऊर्जा निर्माण करत असते आणि वरून जास्त दिल्यास रक्तातील साखर वाढते. साखर साधारणपणे डेसिलिटरला १४० ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान राखावी.

आता हिशेब पाहू. रुग्णाचे अपघातापूर्वीचे वजन ६० किलो आहे. अपघातापूर्वीचे एवढ्यासाठी, की सलाइनमुळे आलेली सूज वजनकाट्यावर फसवते. किलोमागे २५ कॅलरी धरल्यास १,५०० कॅलरी आणि दीड ग्रॅम धरल्यास ९० ग्रॅम प्रथिने लागतील. मिलिला एक कॅलरी व लिटरला ४० ग्रॅम प्रथिने देणारे फीड १,५०० मिलि दिले, तर प्रथिने फक्त ६० ग्रॅम होतात. त्यातच प्रोपोफॉल (रुग्णाला गुंगीत ठेवणारे औषध) ताशी १० मिलि चालू असेल, तर त्यातील स्निग्धांशातून दिवसाला सुमारे २६० कॅलरी जातात. तेवढे फीड कमी केले की प्रथिने ५० ग्रॅमवर येतात. उरलेले ४० ग्रॅम प्रथिनांच्या पावडरीतून किंवा जास्त प्रथिनांच्या फीडमधून भरून काढावे लागतात. मूत्रपिंडाला इजा झाली असेल तर प्रथिने फार वाढवू नयेत. शस्त्रक्रियेनंतर पोट उघडे ठेवले असल्यास मात्र बाहेर येणाऱ्या दर लिटर स्रावामागे १५ ते ३० ग्रॅम प्रथिने वाया जातात, हे धरून चालावे.

लिहिलेले फीड आणि पोचलेले फीड यांत मोठी तफावत पडते, आणि माझ्या मते खरे नुकसान तिथेच होते. डेब्रिडमेंटसाठी (जखमेतील मृत भाग काढण्यासाठी) ओटी म्हणजे शस्त्रक्रियागृह, मग सीटी स्कॅन, मग ड्रेसिंग, असे करता करता सहा तास पंप बंद राहिला की ताशी ६३ मिलिप्रमाणे जवळजवळ ३८० मिलि बुडतात. म्हणून ऑर्डर ताशी वेगावर न ठेवता दिवसाच्या एकूण मापावर ठेवावी आणि परतल्यावर वेग वाढवून, रुग्णाला सोसेल त्या बेताने, तूट भरावी. जठरात साचलेले फीड सहा तासांत ५०० मिलिच्या आत असेल आणि उलटी किंवा पोटफुगी नसेल, तर फीड थांबवू नये. त्याहून अधिक असल्यास जठर पुढे रिकामे व्हायला मदत करणाऱ्या मेटोक्लोप्रमाइड किंवा एरिथ्रोमायसिनचा विचार करावा, आणि तरीही जमत नसेल तर नळी जठराच्या पुढे, लहान आतड्यात न्यावी.

आधीच कुपोषित किंवा दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्या रुग्णाला फीडपूर्वी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) द्यावे व रक्तातील फॉस्फेट रोज तपासावे. ते घसरले तर ऊर्जा दोन दिवस मर्यादित ठेवून फॉस्फेट भरून काढावे. आतड्यातून देणे अशक्य असेल, तरच तीन ते सात दिवसांच्या आत शिरेवाटे पोषणाकडे वळावे.

व्हेंटिलेटर निघाला म्हणून फीडची नळी त्याच दिवशी काढू नये. गिळण्याची तपासणी करून घ्यावी, रुग्ण प्रत्येक जेवणात किती खातो हे चार्टवर नोंदवावे, आणि गरजेचा मोठा भाग तोंडावाटे जाऊ लागेपर्यंत रात्रीचे फीड चालू ठेवावे.