नवे मॉडेल येण्याआधी वापरलेली स्पोर्ट्स कार घेताय? या चुका टाळा

वापरलेली स्पोर्ट्स कार घ्यायची म्हटले की कोल्हापुरात पहिला सल्ला मिळतो तो असा : “गडबड करू नको, नवीन मॉडेल येतंय, मग जुनी पडत्या भावात मिळंल.” साध्या गाड्यांच्या बाबतीत हा सल्ला बऱ्याच अंशी बरोबर असतो, कारण खपाच्या गाडीची नवी पिढी बाजारात आली की असंख्य मालक एकाच वेळी जुनी गाडी विकायला काढतात आणि भाव आपोआप खाली येतो. स्पोर्ट्स कारचा बाजार मात्र असा चालत नाही. आपल्या देशात एखाद्या मॉडेलच्या मोजक्याच गाड्या असतात, त्यांतल्या विकायला असलेल्या तर बोटांवर मोजाव्या इतक्या. आणि नव्या मॉडेलने जुन्याची किंमत पाडली की वाढवली, हे त्या बदलात गाडीने काय गमावले आणि काय कमावले यावर ठरते. हे समजून न घेता नुसती तारखेकडे नजर लावून बसणारे खरेदीदार काही ठरावीक चुका पुन्हा पुन्हा करताना दिसतात.

फेसलिफ्ट आणि नवी पिढी यांत गल्लत करणे

कंपन्या साधारणपणे एका पिढीची गाडी सहा ते आठ वर्षे चालवतात आणि मध्यावर बंपर, दिवे, स्क्रीन वगैरे बदलून तिचे फेसलिफ्ट करतात. नवी पिढी म्हणजे मोठा बदल आणि फेसलिफ्ट म्हणजे केवळ रंगरंगोटी, असे गृहीत धरून निर्णय घेणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पोर्शे ९११ ची ‘९९१’ ही पिढी २०११ मध्ये आली. २०१५ मध्ये तिचे फेसलिफ्ट झाले तेव्हा बाहेरून फरक ओळखायलाही नीट निरखून पाहावे लागत होते. पण कॅरेरा या ९११ च्या मूळ आवृत्तीतली ३.४ आणि ३.८ लिटरची टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेली इंजिने जाऊन त्यांच्या जागी ३ लिटरचे, दोन टर्बो असलेले ‘ट्विन टर्बो’ इंजिन आले. पुढे २०१८ च्या अखेरीस ‘९९२’ ही संपूर्ण नवी पिढी दाखवली गेली, तिचे रूप आणि आतली मांडणी बदलली, इंजिन मात्र त्याच ट्विन टर्बोचे सुधारलेले रूप होते. म्हणजे चालवणाऱ्याच्या कानाला आणि उजव्या पायाला जाणवणारा बदल छोट्या मानल्या गेलेल्या फेसलिफ्टमध्येच होऊन गेला होता, आणि ज्याला टर्बोविना वर चढत जाणारे ते इंजिन हवे होते, त्याच्यासाठी २०१८ ची वाट पाहण्यात काहीच अर्थ नव्हता.

म्हणून जाहिरातीतल्या ‘न्यू शेप’ आणि ‘ओल्ड शेप’ या शब्दांवर विसंबू नये. आरसी बुकावर इंजिनाची क्षमता सीसीमध्ये लिहिलेली असते आणि उत्पादनाचा महिना व वर्षही असते. या दोन नोंदींवरून गाडी बदलाच्या अलीकडची आहे की पलीकडची, हे बहुतेक वेळा कळते. मॉडेलच्या अखेरच्या काळात शोरूममध्ये पडून राहिलेली गाडी पुढच्या वर्षी पासिंग होते, आणि विकणारा ती त्या पुढच्या वर्षाची म्हणून सांगतो. किंमत ठरवताना उत्पादनाचा महिनाच धरावा.

नवे आले की जुने स्वस्त होणारच, असे मानणे

२०१६ मध्ये पोर्शेने केमन आणि बॉक्स्टर या आपल्या छोट्या स्पोर्ट्स कारना ‘७१८’ हे नाव दिले आणि त्यांतली सहा सिलिंडरची इंजिने काढून चार सिलिंडरची, २ आणि २.५ लिटरची टर्बो इंजिने बसवली. ताकद वाढली, वेग वाढला, कागदावर गाडी सर्वच बाबतींत सरस ठरली; तरीही आवाजासाठी आणि इंजिनाच्या लयीसाठी अनेक रसिक मागच्या ‘९८१’ पिढीकडेच वळले. शेवटी २०२० मध्ये कंपनीने जीटीएस आवृत्तीत ४ लिटरचे सहा सिलिंडर इंजिन परत आणले. त्याआधी १९९८ मध्ये हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची अखेरची ९११, म्हणजे ‘९९३’, बंद झाली आणि पाण्यावर थंड होणारी ‘९९६’ तिच्या जागी आली. आज जगभर ‘९९३’ ला ‘९९६’ पेक्षा बरीच जास्त किंमत मोजावी लागते. नवी पिढी आल्यावर जुनी मातीमोल होईल म्हणून थांबलेल्यांच्या हातून अशी गाडी कायमची निसटते.

माझे मत असे आहे : येऊ घातलेल्या बदलात टर्बो नसलेले इंजिन, मॅन्युअल गिअरबॉक्स किंवा सिलिंडरांची संख्या यांपैकी काही जाणार असेल आणि नेमके तेच तुम्हाला हवे असेल, तर थांबू नये, चांगली गाडी दिसताच घ्यावी. उलट बदल मुख्यतः दोषनिवारणाचा असेल, गिअरबॉक्स, थंड ठेवण्याची यंत्रणा किंवा सुरक्षा सुधारणार असेल, तर नव्या गाड्या भारतात मालकांच्या ताब्यात मिळू लागेपर्यंत थांबण्यात फायदा आहे. केवळ दिवे आणि स्क्रीन बदलणार असतील तर तारखेचा विचारच सोडून द्यावा आणि गाडीची अवस्था पाहावी.

परदेशातल्या अनावरणाच्या तारखेवर हिशेब मांडणे

जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या अनावरणाने फारसा हलत नाही. मालक आपली गाडी विकायला काढतो ती नवी गाडी दारात येण्याच्या सुमारास, आणि परदेशातले अनावरण ते भारतातली डिलिव्हरी यांत मोठे अंतर असते. बीएमडब्ल्यूची छप्पर उघडणारी जुनी झेड४ २०१६ मध्ये बंद झाली, नवी ऑगस्ट २०१८ मध्ये दाखवली गेली आणि भारतात ती २०१९ मध्ये विक्रीला आली. इतके थांबूनही ज्याला घडी होणारे धातूचे छप्पर हवे होते त्याच्या पदरी निराशाच आली, कारण नव्या झेड४ ला कापडी छप्पर आहे.

काही वेळा नवी पिढी आपल्याकडे येतच नाही. फोर्डने आपली मस्टँग ही स्पोर्ट्स कार २०१६ मध्ये ५ लिटरच्या व्ही८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनासह भारतात आणली, सप्टेंबर २०२१ मध्ये मात्र भारतातली कारनिर्मिती थांबवण्याची घोषणा केली. सातवी पिढी अमेरिकेत २०२२ मध्ये दाखवली गेली म्हणून कोल्हापुरातल्या किंवा पुण्यातल्या मालकाने आपली मस्टँग स्वस्तात द्यावी, असे कोणतेही कारण त्याच्यापुढे नव्हते. शिवाय कंपनीची भविष्यातली योजनाही पक्की धरता येत नाही. ७१८ ची पुढची पिढी पूर्णपणे विजेवर चालणारी असेल असे पोर्शेने सांगितले होते, पण सप्टेंबर २०२५ मध्ये वरच्या आवृत्त्यांत पेट्रोल इंजिन ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला आणि त्यानंतर महिन्याभरातच जुन्या ७१८ चे उत्पादन थांबले.

बदललेल्या मॉडेलच्या पहिल्या वर्षाची गाडी डोळे झाकून घेणे

मोठ्या बदलानंतरच्या पहिल्या तुकडीत दोष राहण्याची शक्यता अधिक असते. ९९१ पिढीच्या जीटी३ या वेगवान आवृत्तीत अगदी नवे इंजिन आले, २०१४ च्या सुरुवातीला काही गाड्यांना आगी लागल्या, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सैल होणे हे कारण निघाले आणि पोर्शेने ७८५ गाड्यांची इंजिने बदलून दिली. कंपनीने जबाबदारी घेतली हे खरे, पण वापरलेली गाडी घेणाऱ्याने असे काम प्रत्यक्ष त्या गाडीवर झाले आहे का, हे चॅसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून खातरजमा करून घ्यावे. माझी पसंती नेहमी पिढीच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या गाडीला असते, कारण तोवर बहुतेक दोष निघालेले असतात.

नव्या मॉडेलकडे पाहताना कर आणि इंधन विसरणे

पूर्ण तयार होऊन येणाऱ्या महागड्या गाडीवरचे ११० टक्के आयात शुल्क आणि जीएसटी यांवर आपल्याकडच्या किमतीचा मोठा भाग ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी आणि त्यावरचा उपकर जाऊन एकच ४० टक्के दर लागू झाला. नव्या गाडीची किंमत अशी खाली आली की तिच्या किमतीजवळ पोहोचलेल्या वापरलेल्या गाडीलाही खाली यावे लागते, आणि हा परिणाम दिव्यांचा आकार बदलण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. विकणारा जर जुन्या बिलाकडे बोट दाखवून भाव सांगत असेल, तर तीच किंवा तिच्या जागी आलेली गाडी आज ऑन-रोड कितीला पडते, ते कोटेशन आधी हातात घ्यावे.

बेंगळुरू किंवा दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र), ती मिळवण्याचा आणि गाडी नावावर करण्याचे अर्ज म्हणजे फॉर्म २८, २९ आणि ३०, कर्ज असल्यास ते उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरून कोल्हापूरचा एमएच ०९ नंबर लागेपर्यंतचा खर्च मिळवला की हा फरक बराच कमी होतो. इंधनाचेही पाहावे. आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांत तयार होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते, आणि इंधनमार्गातील सुटे भाग या मिश्रणाला टिकतील अशा नव्या गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. त्याआधीची गाडी घेताना इंधनाच्या झाकणाच्या आत आणि पुस्तिकेत किती टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालते ते वाचावे. नव्या पिढीची वाट पाहण्याचे हे खरेखुरे कारण ठरू शकते.

तारीख साधण्याच्या नादात गाडी न तपासणे

कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या खरेदीदाराने ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ हे दोन महिने कधीही विसरू नयेत. पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळचा महामार्गसुद्धा त्या दोन्ही वेळी बंद पडला होता. पाण्यात राहिलेली गाडी वरून धुऊन-पुसून चकाचक करता येते, पण सीटबेल्ट हळूहळू पूर्ण बाहेर ओढत गेले की शेवटच्या हातभर पट्ट्यावर, जो एरवी गुंडाळलेलाच राहतो, गाळाची फिकट तपकिरी रेघ दिसते आणि बोटाला बारीक रेती लागते. कार्पेटचा कोपरा उचलून सीटच्या रुळांचे बोल्ट पाहावेत. तिथला गंज पॉलिशने जात नाही. स्पोर्ट्स कार जमिनीलगत असल्यामुळे गुडघाभर पाणीही सीटखालच्या वायरिंगपर्यंत पोहोचते, आणि तसा दोष काही महिन्यांनी डॅशबोर्डवर इशाऱ्याचा एकेक दिवा लागत बाहेर येतो.

दुसरी तपासणी गाडीच्या पोटाची. आपल्याकडचे गतिरोधक कोणत्याही मापात बसत नाहीत, त्यामुळे गाडी लिफ्टवर घेऊन पुढच्या बंपरच्या ओठाची खालची कड, रेडिएटरपुढची जाळी आणि एक्झॉस्टचे पाइप पाहावेत. टायरच्या बाजूवरचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी भरपूर आणि वर्षे सहा-सात झालेली असतील तर चारही टायरांचा खर्च किमतीतून वजा करावा. चाचणी शहरातल्या रस्त्यावर न घेता जोतिबाच्या चढावर घ्यावी, वर पोहोचल्यावर गाडी दहा मिनिटे चालू ठेवून तापमानाचा काटा आणि पंखा पाहावा. पोर्शेसारख्या गाड्यांत इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरवले गेले याची नोंद संगणकात राहते. ती छापील स्वरूपात मागावी.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारागिरांच्या हाताचा मला मनापासून आदर आहे, आणि बुश, ब्रॅकेट किंवा घासलेली शाफ्ट यांसारखी कामे ते उत्तम करतात. पण गिअरबॉक्सचा नियंत्रक किंवा कंपनीच्या संगणकाशिवाय न उघडणारा दोष तिथे सुटत नाही, त्यासाठी गाडी ट्रेलरवर घालून पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. बंद झालेल्या पिढीची गाडी घेताना हा खर्च आधीच धरावा.

विम्याकडे शेवटी पाहणे

पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, कंपनीच्या छापील किमतीतून ठरावीक घसारा वजा करून निघते. पाच वर्षांवरील किंवा उत्पादन बंद झालेल्या मॉडेलसाठी मात्र ती विमा कंपनी आणि मालक यांच्या आपसातील सहमतीने ठरते. म्हणजे तुम्ही घेतलेली गाडी तीन वर्षांची असली तरी तिचे मॉडेल बंद झाले की घसाऱ्याचा तक्ता बाजूला पडतो आणि बोलणी करावी लागतात. खरेदीआधीच दोन-तीन कंपन्यांकडून आयडीव्हीचा आकडा लेखी घ्यावा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) तुम्हाला मिळत नाही, आणि पॉलिसी नावावर करण्याचा अर्ज खरेदीपासून १४ दिवसांत करायचा असतो.

चूक होऊन गेली असेल तर

टोकन दिल्यावर नवे मॉडेल जाहीर झाले तर घाबरून व्यवहार मोडू नये. नवी गाडी भारतात केव्हा आणि किती किमतीला येणार हे ठरलेले नसेल, तर तुमच्या गाडीची किंमत बदलण्याचे कारणच अजून घडलेले नाही. नव्या गाडीची भारतातली किंमत जाहीर झाली असेल तर तो कागद दाखवून पुन्हा बोलणी करणे रास्त आहे, आणि बहुतेक विकणारे ऐकतात. गाडी घेऊन झाल्यावर भाव उतरला असेल तर लगेच विकून तोटा पक्का करू नये. पुढच्या विक्रीच्या वेळी सर्व्हिसची बिले, दोन चाव्या आणि अपघात नसल्याची नोंद यांनाच भाव मिळतो, तेव्हा त्या फाइलकडे लक्ष द्यावे.

टोकन द्यायचेच असेल तर पावतीवर चॅसिस नंबर, उत्पादनाचा महिना, ठरलेली किंमत, एनओसी कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत आणायची, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या तपासणीत पाण्याचा किंवा अपघाताचा दोष निघाल्यास पूर्ण रक्कम परत, एवढे लिहून घेऊन दोघांच्या सह्या कराव्यात. यातले काहीही लिहून द्यायला विकणारा तयार नसेल तर टोकन देऊ नये.