जड जॉब लेव्हल करताना या चुका टाळा

लोटे असो, मिरजोळे असो की कुडाळ, एमआयडीसीत कुठेही जा, मशीनिंग झालेला दोन-तीन टनांचा जॉब, म्हणजे कामाचा धातूचा तुकडा, लेव्हल करायला स्क्रू जॅकवर (स्क्रू फिरवून वर-खाली होणाऱ्या टेकूंवर) ठेवलाय आणि पोरं पान्याने झटके मारतायत, हे दिसणारच. मला ते बघवत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे माप वरून खाली उतरवत आणायचं. कोपरा 0.03 मिमी वर गेला की लगेच जॅक ढिला करतात, पण जॉब बाकीच्या तीन जॅकवर तोललेला असतो त्यामुळे उंची मोजणाऱ्या डायल गेजचा काटा जागचा हलत नाही, मग अजून ढिला, अजून ढिला. गणपतीच्या तोंडावर लोट्यात एका गिअरबॉक्सच्या केसिंगला असंच झालं. सगळ्यांना गावी जायची घाई, पोरगा ओरडला, "काका, झिरो आला!" आणि चेक नट (स्क्रू जागेवर पक्का धरणारा नट) आवळून मोकळा. बोरिंगचा पहिला कट लागला आणि काटा सहा घरं खाली. मशीन थांबवून बघितलं तर तो जॅक जॉबला टेकलेलाच नव्हता, फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांपैकी 0.05 मिमीचं पान आरामात आत जात होतं. अख्खं सेटिंग पुन्हा करावं लागलं.

म्हणून मी जास्त झालं की सरळ 0.1 खाली घेतो आणि परत वर चढवत मापाला येतो, शेवटची हालचाल नेहमी वरच. आधी तीन जॅकवर लेव्हल काढायची, चौथा नंतर नुसता टेकवायचा, डायल हलता कामा नये. मग प्रत्येक जॅक आणि जॉबच्या मध्ये 0.03 चं पान घालून बघायचं, शिरलं तर काम झालेलं नाही.

दुसरं, पान्याचे झटके. जॅकचा स्क्रू एम16 चा असेल तर साध्या आट्याचा पिच (एका फेऱ्यात स्क्रू चढतो ते अंतर) 2 मिमी, म्हणजे 0.01 साठी फक्त 1.8 अंश फिरवायचंय, 200 मिमीच्या पान्याचं टोक जेमतेम 6 मिमी सरकतं. तिथे झटका कशाला? तळहाताने हलकं दाबायचं. याहून बारीक हवं असेल तर 2 आणि 1.75 पिचचा डिफरन्शियल स्क्रू, म्हणजे एकाच स्क्रूवर दोन वेगळ्या पिचचे आटे, करून घ्या, दोन्हींतला फरक तेवढाच, एका फेऱ्याला पाव मिमी चढतो. पण थांबायची तयारी नसेल तर तोही उपयोगाचा नाही.

स्पिरीट लेव्हल त्याच जागी टोकाला टोक बदलून (अर्धा फेरा फिरवून) दुसऱ्यांदा वाचत नाहीत, हे तर रोजचंच. बारीक शिमांची (उंची भरायच्या पातळ पत्र्यांची) चळत लावू नका, ती दबते, आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत साध्या पत्र्याची शिम पावसाळ्यात गंजून फुगते, स्टेनलेसचीच घ्या. मे महिन्यात शटरमधून जॉबच्या एका बाजूला ऊन येत असेल तर लेव्हल काढूच नका, अर्धा मीटर उंचीचं लोखंड 5 अंशाने तापलं की जवळपास 0.03 मिमी वाढतं. जॉब रात्रभर शेडमध्ये ठेवा, सकाळी लवकर लागा.

आणि चेक नट आवळताना स्क्रू दुसऱ्या पान्याने धरून ठेवायचा, नजर काट्यावर. काटा हलला तर नट सोडून परत खालून वर.