नवापूरला येताय, तर थोडं

सलाम. जूनमध्ये तुम्ही दोघं इथे मिशनच्या कामाला येताय असं कळलं. मी नगरहून 2004 मध्ये आलो, तीन वर्षांसाठी. अजून इथेच आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी भाषेचं. खान्देश म्हणजे अहिराणी, असं धरून मी 'कथा जाई राह्यना भो?' (कुठे निघालास, भाऊ?) घोकत आलो आणि पहिल्याच आठवडे बाजारात तोंडघशी पडलो. अहिराणी साक्री, धुळे, अमळनेरकडची. इथल्या पाड्यांवर मावची, सातपुड्यात धडगावकडे पावरी, तिकडे यावल-रावेरला लेवा बोली. आपलं छापील मराठी समजतं सगळ्यांना, पण ते शाळेचं नि तहसील कचेरीचं. वर्षभर उपदेश आखूड ठेवा. भाषा पोरं शिकवतात, आणि चुकलात की पोट धरून हसतातही.

दिवाळी सरली की उपासनेची मंडळी ओसरेल. पहिल्या वर्षी रविवारच्या उपासनेला चाळीसातली अकरा माणसं उरली, तेव्हा आपल्या बोलण्यात काय चुकलं म्हणून मी रात्री जागून काढल्या. चुकलं काहीच नव्हतं. घरं कुलूप लावून ऊसतोडीला गुजरातेत गेली होती, बारडोलीच्या बाजूला. लेकरंसुद्धा बरोबर. होळीला बरेच परततात. अहवालात त्या महिन्यांची हजेरी लिहाल तेव्हा शेजारी कारणही लिहा, वरच्यांना तिथून ऊस दिसत नाही.

पैसा कुठून येतो, कुणाला बाटवायला आलात, असं तोंडावर विचारतील. चिडू नका. हिशेबाची वही उघडी ठेवा. आजारी माणसाला चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलात पोचवलंत, तर बरा झाल्यावर 'आता उपासनेला या' म्हणू नका. हे माझं मत. आपल्यातल्याच काहींना ते पटत नाही. आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल वाचून या. हातपाय दुखतात म्हणून शाळा बुडवणारं पोर दर वेळी आळशी नसतं. मी एकाला रागावलो होतो. ते अजून सलतं.

तिसऱ्या वर्षाचं मात्र नीट सांगतो. 2006 च्या फेब्रुवारीत इथे बर्ड फ्लू निघाला, देशात पहिल्यांदाच. पोल्ट्रीतल्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या, ते सगळ्या पेपरांत आलं. घरोघरच्या अंगणातल्या चार-सहाही नेल्या, त्याची बातमी कोण करणार? ह्या घरांत तीच चार-सहा म्हणजे औषधाचे पैसे आणि पाहुण्याचं जेवण. शेजारच्या मावशींच्या नऊ गेल्या. मी प्रार्थना करायला म्हणून गेलो आणि शब्दच फुटेना. ओसरीवर बसून राहिलो. त्यांनी कोरा चहा दिला, तो प्यालो, घरी आलो.

त्या आठवड्यात मी नवापूर स्टेशनवर बदलीचा अर्ज लिहिला. तिथे एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. नवखे लोक त्यावर बसून फोटो काढतात. मी मधोमध बसलो होतो. अर्जात लिहिलं की एवढ्या काळात बाप्तिस्मे बोटांवर मोजण्याइतके, माझा इथे उपयोग नाही. अर्ज गीतपुस्तकात ठेवला, आणि पोस्टात टाकायचं आज-उद्यावर गेलं.

पावसाळा उलटल्यावर एका सकाळी मावशी पदरात चार अंडी घेऊन आल्या. भावाकडून नवी कोंबडी आणली होती, तिची पहिली. ओट्यावर ठेवली आणि आमच्या हिला लसणाची चटणी कशी वाटायची ते सांगत बसल्या. कोंबड्यांचा, त्या दिवसाचा विषयच नाही. त्या चार अंड्यांसाठी अहवालात रकाना नव्हता. मी मग रकान्यांवर डोळे लावून बसणं सोडलं. अर्ज तुम्हीही लिहाल, बहुतेक तिसऱ्याच वर्षी. लिहा. फक्त एक पावसाळा जाऊ द्या.

बाकी किरकोळ. मे महिन्यात सामान हलवू नका, लोखंडी कपाटाला हात लागत नाही. सुरत-भुसावळ गाडीनं या, बसपेक्षा बरं. पहिल्या होळीला सातपुड्यातल्या काठी गावी नक्की जा, रात्रभर जागायच्या तयारीनं.

घराची किल्ली त्याच मावशींकडे ठेवली आहे. त्यांच्या कोंबड्या तुमच्या अंगणात येतील, हाकलू नका.